दस्तगीरचाचांची कढई

गुलटेकडीतल्या आमच्या गल्लीत मटणाचं दुकान एकच आहे, आणि त्या दुकानात गिऱ्हाइकाने एक वाक्य कधीही बोलायचं नसतं. नवीन माणूस ते हमखास बोलतो.

मी इथे राहायला आलो त्याच आठवड्यात पळायचे बूट घातलेल्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "अर्धा किलो द्या. फॅट तेवढं सगळं काढून."

सुरी थांबली. रांगेतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. दस्तगीरचाचांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कुणाचं फॅट?"

"मटणाचं हो."

"बाई, हा बोकड दीड वर्ष माळावर हिंडला. ऊन बघितलं नाही, काटे बघितले नाहीत. तेव्हा कुठे बोटभर चरबी कमावली. आणि तुम्ही रिक्षातून उतरून म्हणता, काढा."

"अहो, पण डॉक्टरांनी..."

"मग असं करा. समोर भाजीवाला आहे, त्याच्याकडून दोडका घ्या. त्यात चरबी नाही, चव नाही आणि वादही नाही."

बाई तणतणत गेल्या. पुढच्या बुधवारी परत आल्या. मधल्या काळात दोडका करून पाहिला असावा. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत, आणि चाचांनी खूश होऊन त्यांना गुर्द्यालगतच्या चरबीचा एक तुकडा वरून घातला. "ही घ्या. कांदा हिच्यावर परता आणि मग मला शिव्या द्या."

चाचांचं वय सत्तरच्या आसपास. अंगाने म्हणाल तर काडी. चरबीचा एवढा मोठा वकील, पण अशिलाचा अंगावर कुठे पत्ता नाही. घराणं पाच पिढ्या पुण्यातलं. मराठी अशी बोलतात की ऐकणाऱ्याला आपली शाळा आठवावी आणि लाज वाटावी.

मला तर वाटतेच. मी भंडाऱ्याकडचा, लाखांदूरच्या पुढच्या खेड्यातला. माझी शाळा आठवीत सुटली. मार्केट यार्डातून तीनचाकी टेम्पोने दुकानादुकानांत माल पोचवतो. स्वभावाने घाबरट. इतरांना काळजी करायला कारण लागतं, मला नुसती फुरसत पुरते.

पुण्यात आलो तेव्हा खोली मिळेना. कुणी कुटुंब विचारी, कुणी नुसतंच "नाही" म्हणून दार लावी. चाचांच्या दुकानावर त्यांचीच एक खोली रिकामी होती. मी भीत भीत विचारलं. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न केला.

"खातोस काय?"

"जे मिळेल ते, जी."

"उत्तर बरोबर आहे. जिना डाव्या हाताला."

त्या दिवशी मी वर जाऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो. परक्या गावात दार उघडणारा माणूस भेटला की त्याचं काय करावं ते आपल्याला कळत नाही. मी ठरवलं, या माणसाला आपण कधी म्हणून दुखवायचं नाही. हे ठरवणं पुढे मला फार महागात पडलं.

पहिल्याच आठवड्यात चाचांनी मला स्टीलच्या दोन डब्या दिल्या. एकीत बोकडाची कढवलेली चरबी, फोडणीसाठी. दुसरीत तीच चरबी, पण मेण आणि कापूर घालून घोटलेली. ती माझ्या भेगाळलेल्या टाचांसाठी. दोन्ही पांढऱ्याशुभ्र, दोन्ही गोठलेल्या, डब्या जुळ्या. मी वर गेलो आणि वरणाला फोडणी दिली.

दोन मिनिटांत चाचा दारात हजर. "काय भंडारेकर, आरती कुणाची चालली आहे?"

मी आडनावाने भंडारेकर नाही, पण चाचांनी ठरवलं म्हटल्यावर मी काय बोलणार. त्यांनी माझ्या हातातलं वरण बोटाने चाखलं, डोळे मिटले, विचार केला आणि म्हणाले, "चवीला वाईट नाही. पण हे टाचांचं आहे. ओतून दे."

मी शरमेने लगेच कागदाच्या दोन चिठ्ठ्या केल्या. 'तोंडासाठी' आणि 'टाचांसाठी' असं लिहून डब्यांवर चिकटवल्या. चाचांनी त्या डब्या उचलून उजेडात धरल्या.

"हे अक्षर तुझं?"

"हो, जी."

"आठवीत सोडलीस ना शाळा? मग शाळेचंच नुकसान झालं." आणि त्यांनी मला खाली नेऊन दुकानाच्या भिंतीसमोर उभं केलं. भिंत रिकामी होती. "चाळीस वर्षं मी तोंडाने बोलतोय. घसा गेला. आता तू लिही."

तेव्हापासून दुकानातल्या सगळ्या पाट्या माझ्या हातच्या. मजकूर चाचांचा. 'चरबी काढून मिळणार नाही. ती कष्टाची आहे.' 'कोलेस्टेरॉलविषयी चर्चा समोरच्या दवाखान्यात करावी.' 'तेल गाडीला, चरबी गड्याला.' आणि एक अगदी वजनकाट्यावर: 'हसू नये. खाऊन बघावे.'

माझं अक्षर रोज शंभर माणसं वाचतात, हे मी गावी आईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, काय लिहिलं आहे? मी विषय बदलला.

गुरुवारी दुकानाला गिऱ्हाईक कमी. तो चाचांचा कढईचा दिवस. आठवडाभर राखून ठेवलेली गुर्द्याची चरबी ते सुपारीएवढी बारीक चिरायचे. जाड लोखंडी कढईत घोटभर पाणी, त्यात चरबी, आणि खाली समईएवढी आच. "घाई केलीस तर जळते, रागावलास तर करपते," असं ते मला दर गुरुवारी नव्याने सांगायचे. पाणी आटायचं, चरबी विरघळायची आणि तळाशी तांबूस कुरकुरीत तुकडे उरायचे. त्यांना चाचा 'शेंगदाणे' म्हणत. गरम भाकरी, वर ते शेंगदाणे, मीठ, लाल तिखट. मी खोटं सांगणार नाही, भाकरी पोटात जायच्या आधी माझ्या एक-दोन काळज्या तरी कमी झालेल्या असायच्या.

गाळलेली चरबी बरण्यांत भरली की तिचे उपयोग सुरू व्हायचे. काळ्या मटणाला फोडणी हिचीच. खिचड्यावर हीच. बटाट्याचे काप हिच्यात तळले की वाटाणासुद्धा चव विचारायला येतो, असं ते म्हणत. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. ओठ फुटले, हीच. गुडघे दुखले, हीच. सुरीला गंज, हीच. तुपाशी मात्र त्यांचं वैर नव्हतं. "तूप, लोणी, चरबी ही सख्खी भावंडं. थोरलं तूप देवघरात बसतं. मधलं लोणी लाडावलेलं. धाकटी चरबी बिचारी चुलीपाशी राबते आणि वर बोलणी खाते. म्हणून मी तिच्या बाजूने."

एकदा माझ्या टेम्पोचा मागचा फाळका करकरत होता. चाचांनी मला न विचारता त्याच्या बिजागऱ्यांना सढळ हाताने चरबी फासली. आवाज खरंच बंद झाला. मी खुशीत निघालो. स्वारगेटला आरशात पाहिलं तर मागे दोन कुत्री. पुढच्या चौकात पाच. मंडईला पोचेपर्यंत माझ्यामागे वरातच होती, आणि मी थांबलो की तीही शिस्तीत थांबत होती. चौकातल्या पोलिसाने टेम्पो बाजूला घ्यायला लावला. "यांचं पण भाडं घेतोस का रे?"

चाचांना सांगितलं तर म्हणाले, "बघ. कुत्र्याला कळतं. त्याने कुठे रिपोर्ट काढला?"

रिपोर्ट मात्र चाचांनी स्वतःचा काढला होता. रक्ताचा. सगळं ठीक आलं म्हणून त्याला प्लास्टिक चढवून काट्याच्या वर टांगला होता. समोरच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर एकदा खिमा घ्यायला आले. ते म्हणाले, "चाचा, हे बघून लोक वाटीवाटीने खातील. तुम्ही किती खाता ते पण सांगा की."

चाचा सुरी पुसत बसले. डॉक्टरच मला म्हणाले, "दिवसाला एक चमचा. मी विचारून घेतलंय. आणि सायकल दहा किलोमीटर. त्यावर पाटी कर ना."

"ती पाटी होणार नाही," चाचा म्हणाले. "भिंत भरली."

तर असं सगळं बरं चाललं होतं. मग लग्न होऊन वैशाली इथे आली, आणि वर्षभरात तिला दिवस गेले.

पहिले दोन महिने मी आनंदात आणि काळजीत निम्मा निम्मा होतो. तिसऱ्यात गुरुवार आला, खाली कढई चढली, आणि वैशाली मोरीकडे धावली. वास दारातून यायचा, जिन्यातून यायचा, दांडीवरच्या लुगड्यांतून यायचा. गुरुवारचा वास शनिवारपर्यंत मुक्कामाला. तेवढे तीन दिवस तिच्या पोटात पाणी ठरेना.

"काहून असं होते वो?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मले आधी आवडे ना ते. आता नाव काढलं तरी मळमळते."

दवाखान्यात वजन केलं तर वाढायचं सोडून उतरलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला माहेरी पाठवा. मग कागद पुन्हा वाचून म्हणाल्या, नको, एवढा लांबचा प्रवास नको. तिकडे माझे सासरे अंथरुणावर, म्हणून सासूबाईंना येता येईना. म्हणजे जायचं नाही, कुणी यायचं नाही, आणि खायचंही नाही. आता उपाय एकच. खाली जाऊन सांगायचं, चाचा, कढई बंद करा.

ते सांगणार कोण? मी! ज्याने खोली दिली, ज्याने माझं अक्षर भिंतीवर लावलं, त्या माणसाला सांगायचं की तुमच्या चाळीस वर्षांच्या गुरुवारने माझ्या बायकोला उलटी होते.

पहिल्या गुरुवारी मी उतरलो. "चाचा, ते वासाचं जरा..."

चाचांचा चेहरा फुलला. "आला ना वर? निव्वळ गुर्द्याची आहे आज!" मी एक डबी भरून घेऊन वर आलो.

दुसऱ्या गुरुवारी मी पाठ करून गेलो. म्हटलं, "वैशालीला बरं नाही, जी." त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अशक्तपणा." मी दोन डब्या घेऊन वर आलो.

वैशालीने त्या डब्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमी पुन्हा खाली नका जाऊ," ती म्हणाली. "घरात जागा नाई."

मग मला युक्ती सुचली. तोंडाने जमत नाही तर लिहावं. मी बुधवारी सकाळी कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि लिहिलं: 'गुरुवारच्या कढईच्या वासाचा शेजाऱ्यांना त्रास होतो. कृपया विचार व्हावा. – एक नागरिक.' खाली नाव नाही. चाचा दुकान उघडून पाणी आणायला मागे गेले तेवढ्यात कागद काट्याखाली सरकवला आणि रांग लागल्यावर गिऱ्हाइकासारखा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

बुधवार असल्यामुळे रांग मोठी होती. चाचांनी कागद पाहिला आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "'एक नागरिक'! बघा! तोंड दाखवायची हिंमत नाही. अहो, कोण आहे हा नागरिक? पुढे येऊ दे. सापडला तर मी त्याला..."

बोलता बोलता ते थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. मग भिंतीकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे. पुन्हा भिंतीकडे. 'चरबी काढून मिळणार नाही.' 'हसू नये. खाऊन बघावे.' हळूहळू सगळी रांग भिंतीकडे बघायला लागली. मग सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली.

दुकानभर माझंच अक्षर टांगलेलं, आणि मी निनावी तक्रार केली होती.

"भंडारेकर," चाचा म्हणाले.

"जी."

"'नागरिक'ची वेलांटी सुरेख आली आहे."

सगळ्यांसमोर मी एका दमात बोलून टाकलं. वैशालीला दिवस आहेत, वास सोसत नाही, वजन उतरलंय, माहेरी जाता येत नाही, तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही, खोली सोडायला सांगितलीत तर आम्ही सोडू.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. सुरी खाली ठेवली. मग विचारलं, "कितवा महिना?"

"चौथा संपतोय, जी."

त्यांनी मान हलवली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. त्या नेमक्या बूटवाल्या बाई होत्या. गोंधळात त्यांच्या तोंडून जुनं वाक्य निसटलं. "अर्धा किलो. चरबी काढून." म्हटल्यावर त्यांनीच जीभ चावली.

चाचांनी मुकाट्याने चरबी काढली. शेवटचा पांढरा दोरासुद्धा. बाई पिशवी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "चाचा, तुम्हाला बरं वाटत नाही का? समोर डॉक्टर आहेत, बोलावू का?"

दुसऱ्या दिवशी गुरुवार. कढई चढली नाही. भिंतीवर एक नवी पाटी होती, माझ्या नव्हे, चाचांच्या हातची. अक्षर बोकड दावं तोडून पळावा तसं. 'गुरुवारी कढई नाही. कारण विचारू नये.'

वैशालीने त्या दिवशी दीड भाकरी खाल्ली. मी तिच्या शेजारी बसून मोजली. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चाचा तीन आठवडे माझ्याशी नेमकं आणि थोडं बोलत होते. मला वाटलं, गेलं. हा माणूस आपण गमावला.

चौथ्या गुरुवारी सकाळी मी यार्डातून कांदा भरून निघालो होतो. समोरून एक सायकल येत होती आणि स्वाराच्या डोक्यावर मोठं काळं शिरस्त्राण होतं. जवळ आल्यावर दिसलं की ती कढई आहे. खाली दस्तगीरचाचा. हँडलला चरबीची पिशवी.

मी टेम्पो वळवून मागे गेलो. यार्डाच्या मागच्या भिंतीशी हमालांची चूल होती. चाचांनी कढई डोक्यावरून उतरवली, बोट ओलं करून हवेत धरलं, वारा कुठला ते पाहिलं आणि मगच जाळ केला. हमाल भाकऱ्या सोडून तयारच बसले होते.

"चाचा, एवढ्या लांब?"

ते दचकले. चोरी पकडल्यासारखे. "इथून वारा तुझ्या खिडकीकडे जात नाही. मी बघून घेतलंय."

"तुम्ही रागावलात ना माझ्यावर?"

"तुझ्यावर?" ते चरबी ढवळत राहिले. जाळ थोडा कमी केला. "आमच्या हिनेही एकदा सांगितलं होतं. जुबेदाने. तिलाही दिवस होते. वास सोसत नाही म्हणाली. मी हसलो. तिला भाषण दिलं, भंडारेकर. चरबीचे फायदे सांगितले."

हमालांपैकी कुणीतरी मीठ मागितलं. चाचांनी दिलं.

"मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही. नसेल. पण ती चार महिने नाक दाबून बसली होती, हे तर झालं ना? पुढे तीच कढवायला बसायची. जाईपर्यंत मला एक शब्द बोलली नाही."

मी म्हणालो, "चाचा, करपेल."

"करपत नाही," ते म्हणाले. "आच मंद आहे." आणि भाकरीवर शेंगदाणे घालून माझ्या हातात दिले. "इथेच खा. हात धुऊन घरी जा. साबणाने."

वैशालीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. चाचांनी मांजरी गावातल्या एका गवळ्याकडून लोणी आणलं. कढवायच्या आधी एक चमचाभर तापवून मला वर पाठवलं. "हा वास चालतो का, विचारून ये." चालला. मग रोज सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर तुपाची वाटी असायची. तिच्यावर कागद, कागदावर ते पळणारं अक्षर: 'तोंडासाठी'.

कढई मात्र अजून सायकलवरूनच जात होती. वासाचं आता काही नाही, मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या तोंडाचा काय भरवसा? तू दोन डब्या घेऊन जाणारा माणूस."

परवाच्या गुरुवारी चाचा कढई डोक्यावर ठेवून सायकलचं स्टँड काढत होते. वैशाली पोरीला कडेवर घेऊन जिना उतरली. सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत ती त्यांच्याशी पदराआडून बोलायची.

"चाचाजी, भाकऱ्या टाकून झाल्या. वर घालायले काही नाई."

चाचा कढईखालून तिच्याकडे पाहत राहिले. "वास येईल, बेटा."

"येऊ द्या जी. भूक लागली मले."

चाचांनी कढई उतरवली. मला म्हणाले, "ती पाटी काढ." मी काढली. पोरीने कढईच्या कडेला हात लावला आणि तिची पाचही बोटं काळी झाली. चाचांनी ती आपल्या सदऱ्याला पुसली.

गॅस तयार होता, काडी हातात होती. तरी पेटवायच्या आधी ते दुकानाबाहेर गल्लीत गेले, बोट ओलं केलं आणि आमच्या खिडकीखाली उभं राहून बराच वेळ हवेत धरून ठेवलं.